हाराला जागा

आमचे थोरले दीर मनोहर भाऊजी व्हिडिओ कॉल करतात तेव्हा आम्हाला पंखा दिसतो. कधी नुसता पंखा, कधी पंखा आणि भाऊजींच्या कपाळाची वरची पट्टी. ज्या माणसाने चाळीस वर्षं लोकांना "हनुवटी जरा खाली घ्या" असं सांगितलं, त्याला स्वतःचा फोन जरा खाली घेता येत नाही. मी इकडून ओरडते, "भाऊजी, तुम्ही दिसत नाही." ते म्हणतात, "मला तू दिसतेस. पुरे."

ते आणि कुंदावहिनी मुलीकडे बंगळूरला गेले, त्याला आता दीड वर्ष होईल. पंचवटीतल्या आमच्या इमारतीत खाली त्यांचा स्टुडिओ होता, पहिल्या मजल्यावर ते दोघं आणि दुसऱ्यावर आम्ही. स्टुडिओच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. जाता-येता माझी नजर अजून त्या काचेकडे जाते आणि आज नवीन कोण गेलं, असं मनात येतं. सवय, दुसरं काय.

लग्न ठरलं तेव्हा दीर फोटोग्राफर आहेत हे ऐकून माझ्या दोन्ही बहिणींना हेवा वाटला होता. घरातच स्टुडिओ म्हणजे काय, रोज पोझ. मीही त्या भरात दोन साड्या जास्तीच्या घेतल्या. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी स्टुडिओत पाऊल टाकलं तर चारही भिंतींवर म्हातारी माणसं, आणि सगळी सरळ माझ्याकडे बघणारी. नव्या सुनेच्या उत्साहात मी एकेकाला वाकून नमस्कार केला आणि वहिनींना हळूच विचारलं, "हे सगळे आपल्यातले का?"

"नाही गं," वहिनी म्हणाल्या. "हे ऑर्डरीचे."

आमची गल्ली मालेगाव स्टँडकडून खाली गंगेवर उतरते. गोदावरी हे नाव शाळेच्या पुस्तकात; बोलताना आमची ती गंगाच. दहाव्याला, अस्थी घेऊन, कुठून कुठून माणसं येतात. त्यांना गुरुजी लागतात, न्हावी लागतो, आणि तेराव्याला घरी ठेवायला गेलेल्या माणसाचा एक मोठा फोटो लागतो. तो मनोहर भाऊजी करून द्यायचे. काढून नव्हे, करून. कारण लोक घेऊन यायचे तो फोटो बहुधा कुणाच्या तरी लग्नातला असायचा. तिसऱ्या रांगेत, फेट्याआडून अर्धा चेहरा, तोंडात जिलबी. भाऊजी फेटा बाजूला करायचे, जिलबी काढून घ्यायचे, शेजारची मंडळी घालवून द्यायचे आणि वरून कोट चढवायचे.

तो कोट मुळात माझ्या सासऱ्यांचा. फार पूर्वी भाऊजींनी तो खुर्चीच्या पाठीला अडकवून त्याचा फोटो काढून ठेवला होता. आधी कात्री आणि ब्रशने चढवायचे, पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा तोच कोट कॉम्प्युटरात गेला. त्यामुळे निम्म्या जिल्ह्याचे पूर्वज आज माझ्या सासऱ्यांच्या कोटात भिंतीवर आहेत. विंचूरला मैत्रिणीच्या वास्तुशांतीला गेले तर दारासमोरच तिचे आजेसासरे, तोच कोट, वरचं बटण अर्धं तुटलेलं, तेही तसंच. मी ओळखीचं हसले. तिला वाटलं, मी आजोबांना ओळखत होते.

कोट सगळ्यांना सारखा असला तरी चेहरा मात्र भाऊजी एकेकाचा वेगळा करायचे. आलेल्या मंडळींना समोर बसवून चष्मा कपाळावर ढकलायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "यांना खायला काय आवडायचं?" लोकांना वाटायचं नैवेद्यासाठी विचारतायत. मी एकदा विचारलं, "स्वभाव का नाही विचारत?"

"स्वभाव विचारला की सगळे देवमाणूस निघतात," भाऊजी म्हणाले. "जेवणाचं आठवताना कुणी खोटं बोलत नाही."

एकदा तीन भाऊ वडिलांचा फोटो घेऊन आले. थोरला म्हणाला, बाबांना वांग्याचं भरीत आवडायचं. मधला म्हणाला, छे, शिकरण. धाकटा म्हणाला, "खरं सांगू का, बाबांना काहीच आवडायचं नाही. पान समोर आलं की पहिल्यांदा मिठाला नावं ठेवायचे." भाऊजींनी मान डोलवली, कॉम्प्युटरकडे वळले आणि दोन भुवयांच्या मध्ये एक बारीक आठी घातली. दुसऱ्या दिवशी त्यांची आई फोटो न्यायला आली. बघितलं मात्र आणि पदर सावरत म्हणाली, "हेच." आयुष्यभर ज्या आठीला ती घाबरली असेल, तिच्याचसाठी बिचारी रडली.

या कलेचे तोटे घरच्यांना. लग्नकार्यात भाऊजी पंगतीकडे बघत उभे राहायचे आणि एखाद्या आजोबांवर नजर स्थिर करून पुटपुटायचे, "यांचा छान होईल." वहिनी त्यांना कोपर मारायच्या. मला लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी एकदा म्हणाले होते, "शैला, तुझा डावा गाल सोपा आहे." मी आठ दिवस उजव्या कुशीवर झोपले नाही.

आता ठकूबाई. स्टुडिओच्या बरोबर समोर, मोठ्या छत्रीखाली, हार करून विकणारी बाई. मखमलाबादच्या बाजूच्या एका मळ्यातून सकाळी झेंडू-शेवंतीचं गाठोडं घेऊन यायची आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने जायची. भाऊजींच्या दुकानातून फोटो बाहेर पडला की समोरून हार घेऊनच पुढे जायचा, असा तीस वर्षांचा शिरस्ता. ठकूबाई मान वर करून फोटोकडे एक नजर टाकायची आणि सांगायची, "तीन फुटाचा लागंल." किंवा, "दोनात भागंल, म्हातारी बारीक होती." कधी चुकली नाही. तिच्या तोंडून फूट ऐकले की भाऊजींना फोटो जमला असं वाटायचं. दोघांचा एकमेकांच्या धंद्यावर फार विश्वास.

भाऊजींची साठी जवळ आली त्या वर्षी सरूबाई गेल्या. सरूबाई म्हणजे आमच्या भाजीवाल्या, तीन गल्ल्या पलीकडे बसायच्या. त्यांचा मुलगा फोटोसाठी सरकारी ओळखपत्र घेऊन आला. आईचा दुसरा फोटो नव्हता. त्या कार्डावर सरूबाई अशा दिसत होत्या, जणू काही त्यांनीच कुणाची तरी मेथी चोरली आहे. भाऊजी दोन दिवस त्या नखाएवढ्या चेहऱ्याशी झटत बसले. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे चहाला आले तेव्हा कप हातात तसाच.

"सरूबाईंच्या उजव्या डोळ्याखाली चामखीळ होती," म्हणाले. "हसल्या की ती वर जायची. मला माहीत आहे. फोटोला माहीत नाही. तीस वर्षं भाजी घेतली मी त्यांच्याकडून, गळ्यात कॅमेरा असताना. एक बटण दाबलं नाही."

आमचे हे म्हणाले, "अरे पण त्यांनी सांगितलं नव्हतं ना काढायला."

"तेच," भाऊजी म्हणाले. "मला कुणी जिवंतपणी सांगतच नाही."

झालं. साठीची शांत करायची म्हणून गुरुजींना बोलावलं होतं, याद्या झाल्या होत्या, केळीचे खांबसुद्धा सांगून झाले होते. भाऊजी म्हणाले, होम नको, मला एक वर्ष द्या. आठवड्याला एक माणूस. जिवंत. आपल्या गावातला, रोजचा. कुणी सांगितलं म्हणून नाही, मला काढायचाय म्हणून. बावन्न माणसं. पुढच्या वाढदिवसाला मोजून बघू की मला फोटो काढता येतो की नुसता कोट चढवता येतो.

बोलले हसत, पण वहिनी हसल्या नाहीत. त्यांना कळलं होतं, हे गमतीवारी नेण्यासारखं नाही.

पहिला मान दत्तूमास्तरांचा. दत्तूमास्तर आमच्याच रांगेतले शिंपी, पंच्याहत्तरीचे, गळ्यात टेप. भाऊजींनी त्यांना स्टुडिओत बसवलं, दोन दिवे लावले, टेप काढून ठेवायला लावली आणि फोटो काढला. सुंदर आला. काळा-पांढरा, स्वच्छ, एकेक केस मोजून घ्यावा असा. भाऊजींनी तो मोठा केला, फ्रेम केला आणि कौतुकाने दर्शनी काचेत लावला. मग दुकान बंद करून वहिनींना घेऊन ते एका मुंजीला गेले.

आमच्या गल्लीत त्या काचेत फोटो लागण्याचा अर्थ एकच होता. अकरा वाजेपर्यंत सगळ्यांना कळलं, दत्तूमास्तर गेले. मास्तरांच्या दारात चपला जमायला लागल्या. मास्तर आतल्या खोलीत मशीनवर बसले होते, कमी ऐकू येतं म्हणून मशीन जोरात चालवायची सवय. बाहेर गलका वाढला तेव्हा उठून दारात आले आणि पुढच्याच माणसाला विचारलं, "कोण गेलं?"

तो म्हणाला, "तुम्ही."

एव्हाना कुणीतरी देवळ्याला फोन केला होता. तिथे मास्तरांचे धाकटे भाऊ, कांद्याची शेती. बांधावरून दोघांचं बिनसलं होतं आणि बरीच वर्षं बोलणं नव्हतं. दुपारी ते बसने येऊन पोहोचले, डोक्याला उपरणं, सोबत गावातले चौघं. दारात जिवंत भाऊ बघून त्यांनी भिंतीला हात टेकला.

"जित्ता शे का रे तू?"

"आहे," मास्तर म्हणाले.

धाकट्यांनी डोक्यावरचं उपरणं सोडून खांद्यावर टाकलं. मग ओट्यावर बसले आणि म्हणाले, "मग चहा तरी पाज. सकाळपासून काय पोटात नाय."

संध्याकाळी मुंजीहून परतलेल्या भाऊजींच्या अंगावर मास्तर धावून आले. माझ्या देखत. पाच मिनिटं तोंड सोडलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "तो फोटो राहू दे लावलेला. अजून मुंबईचे यायचेत."

गल्लीला हसायला आठवडा पुरला. भाऊजी मात्र हसले नाहीत. काचेतून तो फोटो काढून आत नेला आणि त्याच्यासमोर बसून राहिले. "काच वगैरे ठीक आहे गं," मला म्हणाले, "पण लोकांना एकदासुद्धा संशय कसा आला नाही?"

पुढचे दोन महिने अवघड गेले. एक तर माणसं मिळेनात. भाऊजी कॅमेरा घेऊन समोर आले की चांगली ठणठणीत माणसं गल्ली बदलायची. पिठाच्या गिरणीवाले म्हणाले, "मनोहरभाऊ, तुमचा प्रेमळपणा कळतो, पण माझ्या धाकटीचं लग्न व्हायचंय." पानवाल्याने सरळ सांगितलं, मी बरा आहे. शेवटी घरचेच धरले. तिसऱ्या आठवड्यात माझा नंबर लागला.

मी त्या जास्तीच्या दोन साड्यांतली एक काढली. इतक्या वर्षांनी का होईना. पावडर लावली, पोट आत घेतलं, ते बराच वेळ आत राहतं असा माझा समज होता. फोटो बघितला. वाईट नव्हता. माझ्या ऐपतीपेक्षा चांगलाच होता. पण मला स्वतःचाच आदर वाटायला लागला. कधी कुणाला टाकून न बोललेली, सगळ्यांचं केलेली अशी एक बाई माझ्याकडे बघत होती. ही मी नव्हे. आमच्या ह्यांनी फोटो हातात घेतला आणि नकळत चप्पल काढली.

फोटो घेऊन मी बाहेर आले तर समोरून ठकूबाई. एक नजर टाकली.

"अडीचात नाय बसायचा," म्हणाली. "बाई रुंद हायेत. तीन धरा."

मी वर निघून गेले. भाऊजी मात्र तिथेच उभे राहिले. मग आत जाऊन त्यांनी पट्टी घेतली. जुने फोटो काढले, नवे काढले, मापं घेतली. तासाभराने मला आणि वहिनींना खाली बोलावलं. टेबलावर माझा फोटो, शेजारी कुणा कैलासवासी आजोबांचा.

"बघा," म्हणाले. "चेहरा चौकटीत बरोबर तेवढाच वर. दोन्ही बाजूंना तेवढीच मोकळी जागा. खांदे सरळ. छातीवर काही नाही. मी हाराला जागा सोडतोय. जिवंत माणूस समोर बसलेला असताना हात आपोआप हाराला जागा सोडतो."

मग त्यांनी ती जागा घालवायचा चंग बांधला. फोटो आडवे काढले. रंगीत काढले. माणसाला तिरकं बसवलं, खिडकीत बसवलं, एका निवृत्त हेडमास्तरांना तर जिन्यात बसवलं. प्रत्येक वेळी फोटो दाराशी घेऊन उभे राहायचे, कुणाला तरी दाखवायचं निमित्त करून, आणि समोरून यायचं, "आडवा हाय व्हय? मग वरून सोडायचा लागंल. साडेतीन." तिला बिचारीला ठाऊक नव्हतं की ती परीक्षा घेते आहे. ती मदत करत होती.

श्रावणात गंगेला पाणी आलं, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत. खालची दुकानं बंद, ठकूबाई चार पावलं वर सरकून आमच्या ओट्यावर बसायला लागलेली. अकरा फोटो झाले होते आणि भाऊजींनी कॅमेरा कपाटात ठेवून दिला होता. ऑर्डरी मात्र चालू. कोट चढत होते. मी ऑफिसातून येताना स्टुडिओत डोकावले तर दिवा न लावता बसलेले.

"शैला, मला जिवंत माणूस येत नाही," म्हणाले.

"येत नाही म्हणजे?"

"म्हणजे कुणाला पुरणपोळी येत नाही ना, तसं. साहित्य सगळं आहे, हात बसलेला नाही. आता बसायचा पण नाही. साठ वर्षांच्या माणसाने ओळखावं."

मला सांत्वन करता येत नाही. मी आपली, "पुरणपोळी मलाही येत नाही," एवढंच म्हटलं. ते खरं आहे, पण उपयोगाचं नव्हतं.

उपयोगाचं वहिनी बोलल्या. त्या मागे उभ्या राहून सुकलेल्या प्रिंट पिशवीत भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गेलेल्या माणसाची एवढी चौकशी करता. काय खायचा, काय आवडायचं. समोर बसलेल्याला कधी विचारलंत?"

"समोरच्याला काय विचारायचं? तो दिसतोय की."

"मीपण तीस वर्षं दिसतेच आहे," वहिनी म्हणाल्या आणि पिशवी घेऊन वर गेल्या.

त्या रात्री खालून दोघांच्या बोलण्याचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा जास्त वेळ. काय विचारलं नि काय सांगितलं ते मला कळलं नाही. मी ऐकायचा प्रयत्न केला नाही असं नाही, पण आमच्याकडे टीव्ही मोठा होता.

पुढच्या रविवारी भाऊजींनी कपाटातून कॅमेरा काढला. देवळाली कॅम्पात त्यांच्या ओळखीचे एक सुभेदार राहत, तोफखान्यातून निवृत्त झालेले. "चल, पांढरा थर्माकोल धरायला कुणीतरी हवं," म्हणून मला सोबत घेतलं. थर्माकोल म्हणजे उन्हाचा उजेड समोरच्या माणसावर परतवायला. मी तो इतका मन लावून धरला की सगळा उजेड माझ्याच तोंडावर पडत होता.

सुभेदारसाहेब अंगणात उभे राहिले. मी 'उभे राहिले' म्हणते, पण तो शब्द कमी पडतो. पोट आत, छाती बाहेर, नजर समोरच्या आंब्याच्या शेंड्यावर. भाऊजी आठ फुटांवरून म्हणाले, "साहेब, जरा सैल." साहेब हलले नाहीत. भाऊजी म्हणाले, "साहेब, विश्राम." साहेब तसेच. मग लक्षात आलं, तोफांपायी त्यांना ऐकूच येत नव्हतं.

भाऊजी दोन पावलं पुढे गेले. मग आणखी दोन. शेवटी अगदी कानाशी जाऊन ओरडले, "सकाळी काय खाल्लंत?"

"क्या?"

"नाश्ता. नाश्त्याला काय होतं?"

सुभेदारसाहेबांची मान आंब्यावरून खाली आली. चेहरा हळूहळू तांबडा झाला.

"ओट्स," म्हणाले. "सूनबाई देते. बत्तीस साल नोकरी केली. बॉर्डरवर केली, बर्फात केली. आता घोड्याचा खुराक खायचा?"

आणि एवढं बोलून त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे झटकन बघितलं, सुनेने ऐकलं तर नाही ना म्हणून. शत्रूला कधी पाठ न दाखवलेला माणूस खांदे पाडून खिडकीकडे बघत होता. भाऊजी तेव्हा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. खट् असा आवाज झाला. मग बराच वेळ आवाज झाला नाही, कारण भाऊजी ओट्सबद्दल सगळं ऐकून घेत होते. मी तासभर थर्माकोल धरून उभी.

मोठा करून आणला तेव्हा भाऊजींनी तो कुणालाच दाखवला नाही. आधी दारात उभे राहिले, नेहमीसारखे. मी वरच्या गॅलरीतून वाकून बघत होते, वहिनी खालच्या. ठकूबाईने सुईतला दोरा दातांनी तोडला, मान वर केली. बघत राहिली. इतका वेळ ती कधी बघायची नाही.

"कुनावर एवढा रागावलाय ह्यो?"

"ओट्सवर," भाऊजी म्हणाले.

"काय का असंना. बसायला सांगा म्हाताऱ्याला. केव्हाचा उभा दिसतोय."

आणि पुन्हा शेवंती ओवायला लागली. फूट नाही, काही नाही. भाऊजी आत गेले. चष्मा पुसला, लावला, परत काढून पुसला. त्या दिवशी ते आमच्याकडे जेवले आणि खाली जाऊन वहिनींकडे परत जेवले, असं नंतर दोन्ही घरी मिळून कळलं.

पुढे सगळंच सुरळीत झालं असं मात्र नाही. विंचूरच्या बाजारात कांदा निवडणारी एक बाई मान वर करायला तयार होईना, म्हणून भाऊजी तिच्या शेजारी बसून दिवसभर कांदे निवडत राहिले. घरी अर्धं पोतं कांदे आणि एक फोटो घेऊन आले. तो फोटो तीन फुटाचाच निघाला. "कांद्यात लक्ष गेलं," म्हणाले. पण आता त्यांची चाल बदलली होती. कुणाशी बोलताना मागे सरकायचे ते पुढे सरकायला लागले, इतके, की बँकेतल्या एका बाईंनी त्यांना रांगेत नीट उभं राहायला सांगितलं. गिरणीवाले स्वतःहून आले, धाकटीचं लग्न झाल्यावर. वर्ष संपलं तेव्हा बावन्नातले चौतीस झाले होते. त्यातले नऊ जमले, असं भाऊजींचं मत. ठकूबाईच्या हिशेबाने चार.

प्रदर्शन भरवू म्हणून आम्ही मागे लागलो. नको म्हणाले. "एक राहिलाय, तो होईपर्यंत नको." तो एक म्हणजे कोण, हे गल्लीला ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यापासून ते ठकूबाईला विचारत होते. ती झेंडूचं गाठोडं सोडता सोडता म्हणायची, "माझा नको भाऊ. मला दुसऱ्यानं केलेला हार चालायचा नाय. गाठी सैल बांधत्यात." सुभेदारांच्या फोटोनंतरही तेच. भाऊजींनी हट्ट केला नाही. पण दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की खुर्ची दाराशी ओढून समोर बघत बसायचे, आणि त्या वेळी कॉम्प्युटरवर अर्धवट चढवलेला कुणाचा तरी कोट तसाच वाट बघत असायचा.

मग बंगळूरचं ठरलं. मुलीला बाळ व्हायचं होतं, वहिनींचे गुडघे जिन्याला कंटाळले होते, स्टुडिओला गिऱ्हाईक मिळालं. निघायच्या सकाळी गल्लीत मोठी गाडी उभी राहिली. आमच्या ह्यांनी आणि ड्रायव्हरने मिळून दीड तास सामान लावलं. तळाशी ट्रंका, त्यावर गाद्या, त्यावर भांडी, फटीफटीत लोणच्याच्या बरण्या. कॅमेऱ्याची पेटी नाजूक म्हणून पार आत, दोन गाद्यांच्या मध्ये. ड्रायव्हरने दोरी आवळून गाठ मारली आणि घड्याळ बघितलं. वहिनी आत बसल्या. मी त्यांच्या मांडीवर शेवटची बरणी दिली, दुसरीकडे जागा नव्हती.

भाऊजी ठकूबाईचा निरोप घ्यायला समोर गेले. ती हार करत होती. मान वर न करता म्हणाली, "चालले?"

"चाललो."

"परत कधी?"

"बघू. बाळ जरा मोठं झालं की."

तिने हातातलं फूल ओवून घेतलं. मग मांडीवरची फुलं झटकली, पदर डोक्यावरून नीट घेतला, आणि सुई तशीच हातात ठेवून म्हणाली, "काढा मग."

"काय?"

"काय म्हंजे. फोटो. लय दिवस मागं लागले व्हते ना."

भाऊजी वळले आणि गाडीकडे आले. पासष्ट किलोचा, गुडघे दुखतात म्हणून कुरकुरणारा माणूस, त्याने ड्रायव्हरच्या देखत ती गाठ सोडली. बरण्या रस्त्यावर आल्या. पातेली आली. गादी उलगडून पडली, तिच्यात गुंडाळलेली परात घरंगळत दत्तूमास्तरांच्या दारापर्यंत गेली. ड्रायव्हर म्हणाला, "काका, आता परत भरायला पाच तास लावा, म्हणजे संध्याकाळी निघू." आमचे हे "अरे दादा, मोबाइलवर घे ना," म्हणत मागे फिरत होते. भाऊजींना ऐकू येत नव्हतं. वहिनी मांडीवर बरणी घेऊन शांत बसल्या होत्या आणि जरा हसत होत्या. गल्लीत पोहे खात माणसं बघायला उभी राहिली.

पेटी सापडली. भाऊजी समोर गेले ते उभे राहिले नाहीत, खाली बसले, मांडी घालून, पाकळ्यांच्या कचऱ्यात, ठकूबाईपासून हातभरावर. ती आधीच सुरू झाली होती, "काय पसारा मांडला हो रस्त्यात, त्या दोघांनी किती मनानं भरलं व्हतं," आणि मग त्यावरून तिच्या सुनेवर, सुनेवरून मळ्यातल्या विहिरीवर, विहिरीवरून यंदाच्या शेवंतीवर. तीन-चार वेळा खट् असा आवाज आला. मी परात घेऊन येत होते, म्हणून मला जवळून दिसलं.

"झालं का?" ठकूबाईने मध्येच विचारलं. "गाडी वाजवतोय तो."

"अजून नाही," भाऊजी म्हणाले. "तुम्ही बोला."

ती परत बोलायला लागली. कॅमेरा त्यांनी कधीच मांडीवर ठेवून दिला होता.